कॉलेजची वर्षं आणि फुटबॉल: यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलींसाठी

बारावीनंतर यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा कुठेही प्रवेश घेताना घरात तीन गोष्टींची चर्चा होते: शाखा, फी आणि एसटीचं अंतर. तू फुटबॉल खेळत असशील तर चौथी गोष्ट तुलाच विचारावी लागेल, कारण ती माहितीपत्रकात छापलेली नसते. या कॉलेजनं गेल्या दोन-तीन वर्षांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला मुलींचा फुटबॉल संघ पाठवला होता का? प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाबूंना हे ठाऊक नसतं. शारीरिक शिक्षण संचालकांना गाठायचं. ते मैदानावर नाहीतर जिमखान्याच्या खोलीत सापडतात. ‘संघ पाठवायचा आहे, पण मुली मिळत नाहीत’ असं ते म्हणाले तर प्रवेश घ्यायला हरकत नाही. ‘मुलींचं फुटबॉल असतं का?’ असं त्यांनीच तुला विचारलं तर दुसरं कॉलेज बघ.

एवढी चौकशी कशासाठी, ते सांगतो. बऱ्याच मुलींचा हिशेब असा असतो की आधी कॉलेजात खेळू, मग कुणाच्या तरी नजरेत भरू आणि मग करिअर सुरू होईल. आपल्या भागात मात्र करिअरची पहिली वर्षं म्हणजेच कॉलेजची वर्षं. विद्यापीठाच्या संघाचं दार पंचविशीला बंद होतं, आणि ते बंद झाल्यावर जिल्ह्यात मुलींना नियमित सामने देणारी दुसरी जागा सहजासहजी सापडत नाही. अमेरिकेत १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे कॉलेजांना मुलींच्या खेळावर पैसा खर्च करावा लागला. तिथे शिष्यवृत्तीवर चार वर्षं खेळलेल्या मुलीला पुढे व्यावसायिक क्लब घेऊन जातात. आपल्याकडे तसा सरळ जिना नाही, दोन वेगवेगळ्या शिड्या आहेत. हुशार मुलगी दोन्हींवर एकेक पाय ठेवून असते.

पहिली शिडी विद्यापीठाची. यवतमाळ जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात येतो. अमरावती, अकोला, बुलडाणा आणि वाशीम हे बाकीचे चार जिल्हे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, त्याचं शिबिर होतं आणि संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की तू ‘कलर होल्डर’. विभागात वरचे क्रमांक मिळवणारे संघ अखिल भारतीय फेरीत जातात, आणि तिथल्या कामगिरीवर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचं दार उघडतं. ही स्पर्धा पहिल्यांदा फेब्रुवारी २०२० मध्ये भुवनेश्वरला झाली आणि तिच्यात मुलींचं फुटबॉल आहे.

दुसरी शिडी संघटनेची. जिल्हा फुटबॉल संघटना, तिच्यावर मुंबईची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे ‘विफा’, आणि सगळ्यात वर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ. आंतरजिल्हा स्पर्धेतून राज्याचा संघ होतो. राज्यांच्या महिला संघांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा खेळली जाते ती राजमाता जिजाबाई करंडकासाठी. करंडकाला आपल्या सिंदखेडराजाच्या लेकीचं नाव आहे, तेव्हा तो वऱ्हाडात यायला हवा असं मला उगाच वाटत राहतं. या शिडीसाठी महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत नाव आणि ओळख क्रमांक लागतो. तुझी नोंदणी कोण करणार, जिल्ह्यातली संघटना विफाशी संलग्न आहे का, निवड चाचणी कधी आहे, या सगळ्याची विचारपूस जून-जुलैतच उरकून घे. यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, तिथून सुरुवात कर. चाचणीची बातमी पेपरात आली तरी कधी आदल्या दिवशी येते, कधी चाचणी झाल्यावर.

वणी, मारेगाव, झरीकडच्या मुलींपुढे आणखी एक पेच असतो. त्यांना नागपूर आणि चंद्रपूर जवळ. नागपुरात प्रवेश घेतला तर तुझा संघ नागपूर विद्यापीठाचा, चंद्रपुरात घेतला तर गोंडवाना विद्यापीठाचा. नागपूर-कामठीला फुटबॉल जुना आहे. कामठीचा रब्बानी, नागपूरचा यंग मुस्लिम या क्लबांची नावं तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतात. शिवाय हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेलं ‘स्लम सॉकर’ तिथलंच. ‘झुंड’ सिनेमा त्यावरच आहे. तिथे सराव चांगला मिळेल, पण संघात जागा मिळवताना दमछाक होईल. अमरावती विद्यापीठात जागा तुलनेनं लवकर मिळू शकेल, पण सोबत खेळणाऱ्या मुली कमी. माझं मत विचारशील तर पहिल्या वर्षी बाकावर बसण्यापेक्षा सामने खेळणं बरं. अठराव्या वर्षी बाकावर घालवलेला हंगाम भरून निघत नाही.

समज, कॉलेजात संघच नाही. तर तो तुलाच उभा करावा लागेल. हे ऐकून घाबरू नको, फुटबॉल खेळलेल्या अकरा मुली कुणालाच मिळत नाहीत. कबड्डीच्या मुली घे. त्यांना धक्का खायची सवय असते आणि घेर आवळणं समजतं, म्हणजे बचावफळी तिथून मिळाली. खो-खोच्या मुली पटकन वळतात, त्यांना बाजूला खेळव. गोलरक्षक हँडबॉल किंवा बास्केटबॉलमधून आण. दोन-तीन खऱ्या फुटबॉलपटू मधल्या फळीत असल्या की पहिल्या स्पर्धेपुरता संघ तयार होतो. संचालक सरांकडे तोंडी मागणी करू नको. अठरा नावांची यादी, प्रत्येकीची सही, वर्ग, मोबाइल नंबर असा अर्ज दे. अर्जावर आवक क्रमांक पडला की त्याला उत्तर द्यावं लागतं.

गोलरक्षकाची जागा कुणालाच नको असते, म्हणून उंची आणि हात चांगले असलेल्या मुलीनं ती आपणहून मागून घ्यावी. विद्यापीठाच्या संघात मधल्या फळीसाठी वीस मुली रांगेत असतात, गोलसाठी तीन. यवतमाळला गोलरक्षक नवा नाही. २०१६ ची हॉकीतली एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकणाऱ्या भारतीय संघात आपला आकाश चिकटे होता, गोलरक्षकच.

आता कागद. कंटाळवाणा भाग आहे, पण मैदानावर हरलेल्या मुलींपेक्षा कागदावर बाद झालेल्या मुलींची मला जास्त हळहळ वाटते. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी तू नियमित पूर्णवेळ विद्यार्थिनी असावी लागतेस आणि वय १७ ते २५ च्या दरम्यान लागतं. बारावी झाल्यावर किती वर्षं खेळता येतं यालाही मर्यादा आहे. त्या वर्षीचा नियम सरांकडून वाचून घे. पात्रता फॉर्मवरचं नाव, दहावीच्या सनदेवरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचाही फरक नको. आपल्याकडे सनदेवर वडिलांचं नाव मध्ये, आधारवर आडनाव आधी आणि बँकेत आणखी तिसरंच, असा घोळ घरोघरी असतो. तो पहिल्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये निस्तर, शिबिराच्या आदल्या रात्री नाही. विद्यापीठ बदललं असेल तर मायग्रेशन लागतं. एखादं वर्ष घरी बसली असशील तर त्याचं कारण कागदावर हवं.

एक प्लॅस्टिकची फाईल कर. जन्माचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, बोनाफाइड, पासपोर्ट फोटो आणि शाळेपासूनच्या प्रत्येक क्रीडा प्रमाणपत्राची मूळ प्रत. शाळेत सुब्रतो करंडक किंवा शालेय स्पर्धा खेळली असशील तर तेही त्यात. मूळ प्रत कुणाच्याही हातात द्यायची नाही. ‘ठेव इथे, उद्या घेऊन जा’ म्हणणाऱ्यालाही नाही. फोटो काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेव.

मैदानाचं आपल्या जिल्ह्यात वेगळं दुखणं आहे: काळी माती. पावसाळ्यात चिखलाचा गोळा बुटाच्या स्टडला असा चिकटतो की पाचव्या मिनिटाला दोन्ही पायांत वजन बांधल्यासारखं होतं. दिवाळीनंतर तीच माती टणक होऊन फाटते. भेग वरून बोटभर रुंद दिसते, पण आत पाऊल मुरगळण्याइतकी खोल असते, आणि तिच्यावर वाळलेल्या गवताची जाळी असली तर दिसतही नाही. म्हणून सरावाआधी सगळ्या मुलींनी एका रांगेत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, भेग दिसली की तिच्यात मुरूम किंवा वाळू दाबायची. दहा मिनिटांचं काम आहे. लांब स्टडचे बूट दुकानात भारी दिसतात, पण हिवाळ्यातल्या टणक जमिनीवर त्यांचे टोचे जमिनीत शिरत नाहीत आणि सगळा भार टाचेवर आणि गुडघ्यावर येतो. आखूड आणि भरपूर ठिपक्यांचे, टर्फचे म्हणतात ते बूट घे. कंपनी साधी असली तरी चालेल, माप मात्र संध्याकाळी मोजे घालून बघ. शिन गार्ड हवेतच. त्यांच्याशिवाय रेफ्री मैदानात उतरूच देत नाही.

अशा मैदानावर चेंडू कुठेही उसळतो, त्यामुळे पहिला स्पर्श सुधारत नाही. त्यासाठी कॉलेजचं बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट आणि शेजारची भिंत वापर. भिंतीपासून पाच-सहा पावलांवर उभी राहा. उजव्या पायानं चेंडू मार, परत येताना डाव्यानं थांबव, डाव्यानं मार, उजव्यानं थांबव. थांबवलेला चेंडू पायाखाली मेला तर उपयोग नाही. तो अर्धं पाऊल पुढे आणि बाजूला पडला पाहिजे, म्हणजे पुढची लाथ न थांबता बसते. मग भिंतीकडे पाहण्याआधी एकदा खांद्यावरून मागे बघायची सवय लाव. रोज वीस मिनिटं हे केलंस तर दिवाळीपर्यंत संघात तुझा डावा पाय उठून दिसेल. डावा पाय चालणाऱ्या मुली फार कमी, त्यामुळे डाव्या बाजूची जागा जवळजवळ मोकळीच असते.

वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन चकरा, हे डोक्यातून काढून टाक. फिफानं तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा क्रम मोफत मिळतो: आठ मिनिटं धावण्याचे प्रकार, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची दोन मिनिटं वेगात धावणं. एकूण पंधरा व्यायाम. मुलींसाठी तो जास्त महत्त्वाचा, कारण गुडघ्यातला एसीएल हा बंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींत बरंच अधिक आहे. उडी मारून उतरताना गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकतात, तिथे घात होतो. मैत्रिणीला समोर उभी कर, मोबाइलवर तुझी उडी चित्रित करायला सांग. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एसीएल तुटला तर ऑपरेशन आणि त्यानंतरचं जवळपास वर्ष, असा खर्च आहे. कॉलेजच्या तीन वर्षांतलं एक वर्ष.

दम लागतो, पाय जड होतात, दुसऱ्या सत्रात डोळ्यांपुढे अंधारी येते, ही तक्रार मुली सरावाच्या खात्यात टाकतात आणि आणखी धावतात. आधी रक्त तपास. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कितीही पळालीस तरी दम वाढणार नाही. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही होते. लोहाच्या गोळ्या डॉक्टर देतील तशा घे. जेवणाला लागून चहा पिऊ नको. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, लिंबू मात्र मदत करतं. ज्वारीची भाकर, हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ आणि घरात चालत असेल तर रोज दोन अंडी, एवढ्यावर विद्यापीठापर्यंत जाता येतं. डब्यातल्या पावडरीच्या नादी लागू नको. त्यात काय मिसळलंय ते डब्यावर लिहिलेलं नसतं, आणि उत्तेजक चाचणीत ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. दुखण्यावर इंजेक्शन घेतानाही डॉक्टरांना सांग की मी खेळाडू आहे.

पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही, हे तुझं तू ठरव. वैद्यकशास्त्राची मनाई नाही. पण दौऱ्यावर जाताना सामान बरोबर ने, आणि पाळी तीन महिने आलीच नाही तर ‘बरं झालं’ म्हणून गप्प बसू नको. खाणं कमी आणि व्यायाम जास्त झाला की असं होतं. त्यातून हाडं कच्ची राहतात.

आता आपल्या जिल्ह्याची खास अडचण. कापूस फुटतो आणि विद्यापीठाच्या स्पर्धांचा हंगाम येतो तो एकाच वेळी, दसऱ्यापासून पुढे. वेचणीला बाई मिळत नाही म्हणून घरात कुरकुर चालू असते आणि नेमकी तेव्हा तू शिबिराला जायचं म्हणतेस. हे भांडण पोळ्याच्या सुमारालाच मिटवायचं. कॉलेजकडून तारखांचा अंदाज घे, घरी कॅलेंडरवर खूण कर, आणि त्याबदल्यात कोणते दिवस वावरात येईन तेही कबूल कर. दिवसभर वाकून वेचणी केल्यावर कंबर आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात. त्या संध्याकाळी वेगात धावायचं नाही. भिंतीवरचा सराव आणि ताण देण्याचे व्यायाम पुरेत. मार्चनंतर आपल्याकडचं ऊन वेगळं सांगायला नको. सकाळी साडेसातच्या आत सराव आटपलेला बरा.

निवड चाचणीला मुली सगळ्यात जास्त चुका करतात, म्हणून इथे थोडं थांबू. चाचणी लहान असते. सुरुवातीला धावणं, मग छोट्या चौकोनात पाच-पाच जणींचा खेळ, मग जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा सामना, तोही अनोळखी मुलींबरोबर. प्रत्येकीला वाटतं आपण दोघी-तिघींना चकवलं की निवड पक्की. त्यामुळे चेंडू कुणीच कुणाला देत नाही, आणि निवड समितीला पंचवीस सारख्याच मुली दिसतात. तू उलट कर. लवकर पास दे, पास दिल्यावर उभी राहू नको, मोकळ्या जागेत पळ आणि परत माग. तोंड उघड. ‘मागे बाई!’, ‘सोड!’, ‘माझा!’ असं ओरडणारी मुलगी लांब बसलेल्या माणसालाही कळते. चेंडू गेल्यावर पुढच्या तीन सेकंदांत तू काय करतेस हे जाणकार निवडकर्ता हमखास बघतो. कपाळाला हात लावलास तर तुझ्या नावावर रेघ, मागे धावलीस तर खूण.

‘कुठे खेळतेस?’ असं विचारल्यावर ‘कुठेही’ म्हणू नको. ‘लेफ्ट बॅक, गरज पडली तर मधल्या फळीत बचावाला’ असं नेमकं सांग. दोन वेगळ्या रंगांचे टीशर्ट ने, म्हणजे संघ वाटताना तुला बाजूला उभं करणार नाहीत. शेवटचं जेवण तीन तास आधी. चाचणी अमरावतीला असेल तर पहाटेची गाडी धरून थेट मैदानावर उतरू नको. नव्वद किलोमीटर एसटीत आखडून बसलेले पाय पहिल्या पंधरा मिनिटांत उघडत नाहीत, आणि चाचणी नेमकी तेवढीच असते. जमलं तर आदल्या दिवशी नातेवाईकांकडे मुक्काम कर. निवड झाली नाही तर त्याच दिवशी निवड समितीतल्या एकाला जाऊन विचार, ‘सर, मी कशात कमी पडले?’ हे विचारणाऱ्या मुली फार थोड्या असतात आणि त्या पुढच्या वर्षी लक्षात राहतात.

विद्यापीठात दोन वर्षं चांगली गेली की क्लबचा विचार कर. इंडियन विमेन्स लीग २०१७ साली सुरू झाली. तिच्याखाली दुसरी श्रेणी आहे. मुंबईचं केंकरे आणि कोल्हापूर सिटी हे महाराष्ट्रातले संघ वरच्या लीगमध्ये खेळून गेले आहेत. वरच्या लीगमध्ये संघ आठच, त्यामुळे स्वप्न आणि गणित दोन्ही बरोबर ठेव. २०२३ मध्ये महासंघानं तिथल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार करावा, असं जाहीर केलं. खालच्या श्रेणीत मात्र राहणं-जेवण आणि हातखर्च एवढ्यावरच बोलणी होतात.

लांब कशाला, आपल्या सीमेपलीकडची उदाहरणं बघ. सौम्या गुगुलोथ तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातली, आपल्याकडे दिग्रस-पुसदला आहेत तशाच तांड्यांच्या मुलखातली. ज्योती चौहान मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली. दोघी गोकुलम केरळ या क्लबकडून खेळल्या आणि २०२२ मध्ये क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबनं दोघींना करारबद्ध केलं. सौम्या पुढे २०२४-२५ ची लीग जिंकणाऱ्या ईस्ट बंगालच्या संघात होती. पुण्याची काजोल डिसोझा २०२२ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात होती. त्या स्पर्धेचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. यांच्यापैकी कुणाच्याही गावाला मोठं स्टेडियम असल्यामुळे हे घडलेलं नाही. चाचणी जिथे होती तिथे त्या गेल्या.

या प्रवासात भामटेही भेटतात. ‘युरोपात ट्रायल लावून देतो, नोंदणीचे पन्नास हजार भरा’ असा फोन आला तर फोन ठेवून दे. क्लबला तू हवी असशील तर पैसे क्लब देतो. कोऱ्या फॉर्मवर सही करू नको. एकदा नोंदणी एका क्लबकडे झाली की दुसरीकडे जायला त्याच क्लबची संमती लागते. सही करण्याआधी चार गोष्टी लेखी माग: मुदत, पैसे कोणत्या तारखेला, राहण्याची सोय, आणि दुखापत झाली तर खर्च कुणाचा. शिक्षण सोडायला सांगणारा क्लब माझ्या लेखी बाद.

सुरक्षिततेचं आडून बोलण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघाच्या सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून युरोपच्या दौऱ्यातून परत बोलावून बडतर्फ करण्यात आलं. देशाच्या संघात हे घडतं, तर कुठेही घडू शकतं. मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक असल्याशिवाय दौऱ्याला जायचं नाही, हा हट्ट घरच्यांनी धरावा आणि कॉलेजला तो लेखी कळवावा. खेळाडूच्या खोलीत प्रशिक्षकाचं काम नसतं. रात्री अकराला ‘खेळाबद्दल’ येणाऱ्या मेसेजला उत्तर द्यायचं नाही, आणि तो पुसायचाही नाही. प्रत्येक कॉलेजात २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्या सदस्यांची नावं फलकावर असायला हवीत. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने. वय अठराच्या आत असेल तर १०९८, नाहीतर १८१ हा क्रमांक लक्षात ठेव.

आई-बाबांनी हा लेख वाचला तर त्यांच्यासाठी थोडंसं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे आणि शिकणाऱ्यांना पासाची सवलत वेगळी, म्हणजे प्रवासाचा खर्च पूर्वीइतका राहिलेला नाही. मुलीचा एक तरी सामना बघायला जा. हाफपँटीचं काय ते तिथे बघून ठरवा. बऱ्याच मुली आत लेगिंग्ज घालून खेळतात, नियमांत त्याला आडकाठी नाही.

नोकरीचं म्हणाल तर राज्य सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या पातळीची स्पर्धा आणि कितवा क्रमांक लागतो, हे १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयात दिलं आहे. पुढच्या दुरुस्त्यांसह तो नीट वाच. त्यात मान्यताप्राप्त संघटनेच्या आणि विद्यापीठाच्या स्पर्धा मोजल्या जातात. गावोगावच्या ‘भव्य ऑल इंडिया’ स्पर्धेचा चार फुटी करंडक घरातल्या शोकेसमध्ये छान दिसतो, पडताळणीत त्याला किंमत शून्य. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, आपल्यासाठी अमरावतीला. जाहिरात निघाल्यावर धावपळ केली तर ती मुदतीत होत नाही, म्हणून अंतिम वर्षातच अर्ज टाक. रेल्वे, पोलीस, सशस्त्र सीमा बल यांचेही महिला संघ आहेत आणि त्यांची खेळाडू भरती वेगळी निघते.

प्रत्येकीला शेवटपर्यंत खेळाडूच राहता येत नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. अमरावतीला १९१४ पासून चालत आलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, तिथे शारीरिक शिक्षणाची पदवी होते. अठरा पूर्ण झाली की महासंघाचे प्रशिक्षकाचे सुरुवातीचे अभ्यासक्रम, ई प्रमाणपत्र आणि डी लायसन्स, करता येतात. मुलींच्या शाळांना महिला प्रशिक्षक हवीच असते.

आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित वाट रेफ्रीची. गोव्याची उवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनमध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात सहायक पंच म्हणून उभी राहिली. कॉलेजात असतानाच जिल्ह्यातल्या पंचांच्या परीक्षेची चौकशी कर. खेळता खेळता शिकता येतं, सामन्यामागे थोडे पैसेही मिळतात, आणि नियम माहीत असलेल्या खेळाडूला पंच फसवू शकत नाही हा वरचा फायदा. नियम एकूण सतराच आहेत. पहिली शिट्टी बहुधा शाळकरी मुलांच्या सामन्यात मिळेल. ती मुलं ‘मॅडमला काय समजते’ म्हणून ऑफसाइडवरून हुज्जत घालणार हे नक्की, तेव्हा अकरावा नियम तोंडपाठ करूनच मैदानात उतर.